रविवारी नदीकाठी जमायचे आहे : सर्व सदस्यांसाठी सूचना

मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ६ वाजता वर्धा नदीच्या आपल्या घाटावर, महादेवाच्या देवळाजवळ जमायचे आहे. ऊन तापायच्या आत, ९ पर्यंत काम आटोपू.

काम मुख्यतः बेशरम (काठावर माजणारी झुडपी वनस्पती) काढण्याचे. नुसती छाटू नका, ती पुन्हा फुटते. सब्बलीने (पहारीने) मुळासकट उपटायची. तुटलेली कांडीसुद्धा ओल्या मातीत रुजते, म्हणून सगळे पाण्यापासून लांब, उंचावर नेऊन वाळवायचे. शेळ्यांना खाऊ घालू नका, ती विषारी आहे.

सध्या पक्ष्यांच्या विणीचे दिवस आहेत. टिटवी आणि नदी सुरय उघड्या रेतीवरच अंडी घालतात. ती रेतीच्याच रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. त्यामुळे :

– मधल्या रेतीच्या बेटावर कोणीही जाऊ नये. फोटोसाठीही नाही.
– कुत्रे सोबत आणू नये.
– उभ्या दरडीतली बिळे बुजवू नयेत. ती वेड्या राघूची आणि खंड्याची घरटी आहेत.
– काठचे अर्जुन, जांभूळ, करंज यांना हात लावायचा नाही. पुरात थडी धरून ठेवतात ती यांचीच मुळे.

डांगरवाडी (नदीच्या रेतीतली वेलफळांची शेती) करणाऱ्या भावांना विनंती : औषध फवारलेले पंप नदीत धुऊ नका, रिकामे डबे काठावर टाकू नका. मासे आधी मरतात, मग तेच पाणी आपली गुरे पितात.

रात्री रेतीचे ट्रॅक्टर दिसले तर एकट्याने अडवायला जाऊ नका. वेळ आणि जागा गटात कळवा, तलाठ्यांकडे आपण मिळून जाऊ.

सब्बल, विळा, दुपट्टा आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने आणावी. येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवावे.