सूचना : सगळ्या वेब प्रोजेक्टसाठी एकच लिंट (कोड आपोआप तपासण्याचे) नियम

मंडळी, गेल्या आठवड्यात एका पुल रिक्वेस्टमध्ये (तपासायला पाठवलेल्या कोडबदलात) खरा बदल तीनच ओळींचा होता, पण डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) उघडला तर अख्खी फाइल लाल-हिरवी. कारण निघालं ते एवढंच : कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणाऱ्या प्रेटियर या साधनाची एका प्रोजेक्टात आवृत्ती २, दुसऱ्यात ३. २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून, अनेक ओळींत मोडलेल्या फंक्शन कॉलमध्ये शेवटच्या आर्ग्युमेंटनंतरही स्वल्पविराम आपोआप पडतो. त्या स्वल्पविरामांच्या गर्दीत एक चुकलेली अट आमच्या नजरेतून सुटली. फार वाईट वाटलं.

म्हणून ईएसलिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) आणि प्रेटियरचे नियम आता एकाच सामायिक पॅकेजमध्ये ठेवले आहेत. ते आपापल्या प्रोजेक्टात घाला आणि जुनी ईएसलिंटआरसी ही सेटिंगची फाइल काढून टाका. ईएसलिंट ९ ती आपणहून वाचत नाही. प्रेटियरची आवृत्ती नेमकी लिहा, आकड्याआधी कॅरेट (^, म्हणजे नवी आवृत्तीही चालेल अशी खूण) नको.

फॉरमॅटिंगचा कमिट (नोंदवलेला बदल) वेगळा ठेवा, त्यात लॉजिकला हात लावू नका. त्याचा हॅश (ओळखक्रमांक) ब्लेममधून, म्हणजे कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या गिटच्या सोयीतून, वगळायच्या यादीत टाका, म्हणजे मूळ लिहिणाऱ्याचंच नाव दिसत राहील.

एखादा नियम पटला नाही तर तो बंद करणारी डिसेबलची कमेंट टाकून पुढे जाऊ नका, पॅकेजवर इश्यू उघडा. दोन नियमांबद्दल माझंही मत अजून पक्कं नाही, तेव्हा जरूर बोला.

येत्या शुक्रवारपासून लिंटची साधी वॉर्निंग आली तरी सीआयमध्ये (कोडच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत) बिल्ड थांबेल.