संरक्षणाच्या मागण्यांना गिलोटिनमधून वगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संरक्षण खात्यावरील संसदीय देखरेखीचा विषय निघाला, की चर्चा एक तर एखाद्या गाजलेल्या खरेदीभोवती फिरू लागते, नाही तर राष्ट्रीय सुरक्षेचे नाव निघताच थांबते. मागितलेला पैसा मंजूर करण्यापूर्वी तो पुरेसा आहे का आणि कशावर खर्च होणार, हे विचारण्याचे संसदेचे नेमून दिलेले काम मात्र या दोहोंच्या मध्ये राहून जाते. ते कुठे अडते, याविषयी हे पत्र.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. अनुदानाच्या मागण्यांची, म्हणजे प्रत्येक खात्याने खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेल्या रकमांची, छाननी करण्यासाठी १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. संरक्षणविषयक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात, मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही आणि तिच्या बैठका बंद दाराआड होतात. कॅमेरे नसल्यामुळे असेल, पण सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे खासदार तेथे बऱ्याचदा एकमताने अहवाल देतात. मंत्रालयाचे आणि सेनादलांचे वरिष्ठ अधिकारी समितीसमोर साक्षीला येतात व मोकळेपणाने बोलतात. म्हणजे छाननीची यंत्रणा आहे आणि ती कामही करते.

मार्च २०१८ मधील अहवाल याचा उत्तम नमुना आहे. निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या अध्यक्षतेखालील या समितीसमोर तत्कालीन लष्कर उपप्रमुखांनी सांगितले होते, की लष्कराच्या सामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट, २४ टक्के सध्याच्या काळाला साजेशी आणि केवळ ८ टक्के अत्याधुनिक आहे. आधुनिकीकरणासाठी मिळालेले २१,३३८ कोटी रुपये आधीच केलेल्या करारांची २९,०३३ कोटींची देणी भागवण्यासही अपुरे होते. घरखर्चाचे पैसे मागील उधारीतच संपावेत, तशी ही स्थिती होती. हा अहवाल १३ मार्चला संसदेत सादर झाला आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेत गोंधळ चालू असताना सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविना, एकगठ्ठा मंजूर झाल्या. या प्रकाराला संसदीय परिभाषेत गिलोटिन म्हणतात. समितीने इतक्या कष्टाने जे बाहेर काढले, ते मतदान करणाऱ्या किती सदस्यांनी वाचले असेल? समितीचीही दरवर्षी फेररचना होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये झालेल्या फेररचनेत, सत्तारूढ पक्षाचेच असलेले खंडुरी अध्यक्षपदी राहिले नाहीत. कारण काहीही असो, विषय अंगवळणी पडू लागलेला माणूस वर्षाकाठी बदलता येतो, ही व्यवस्थाच सदोष आहे.

नियमानुसार समितीच्या शिफारशी केवळ सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात. सरकारने त्यांवर तीन महिन्यांत उत्तर द्यायचे आणि सहा महिन्यांत मंत्र्यांनी सभागृहात निवेदन करायचे, असा दंडक आहे. पण हे निवेदन सहसा पटलावर ठेवले जाते आणि तेथेच राहते. परिणामी त्याच शिफारशी वर्षानुवर्षे फिरून येतात. वर्षअखेर व्यपगत न होणाऱ्या, म्हणजे न खर्चलेला पैसा परत न जाणाऱ्या, आधुनिकीकरण निधीचेच पाहा. तत्कालीन अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात असा २५ हजार कोटींचा निधी जाहीर केला. तो प्रत्यक्षात आला नाही. समितीने ही मागणी पुन:पुन्हा केली. पंधराव्या वित्त आयोगाने तर २०२१-२६ साठी २ लाख ३८ हजार कोटींच्या निधीची शिफारस केली, तीही सरकारने केवळ तत्त्वतः मान्य केली. असा निधी नको असेल, तर का नको, हे मंत्र्यांना उभे राहून सांगावे लागले असते, तर प्रश्न एव्हाना कोणत्या तरी बाजूने सुटला असता.

गोपनीयतेचा आक्षेप खरा आहे, परंतु तो सरसकट लागू होत नाही. तैनातीचे तपशील आणि युद्धयोजना उघड करा, असे कोणी म्हणत नाही. कारगिल पुनरावलोकन समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. त्याहीपूर्वी, १९६२ च्या पराभवाच्या चौकशीचा अहवाल सरकारने गुप्त ठेवला असतानाही, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदन करून प्रशिक्षण, सामग्री आणि नेतृत्व यांतील उणिवा सांगितल्या होत्या. जखम ओली असताना जे सांगता आले, ते शांततेच्या काळात, तेही समितीच्या छापील अहवालात आलेले असताना, सभागृहात का बोलता येऊ नये, हे समजत नाही.

त्यामुळे सूचना एवढीच, की संरक्षणाच्या चार मागण्यांपैकी निदान भांडवली खर्चाची, म्हणजे शस्त्रसामग्रीच्या खरेदीची, मागणी दरवर्षी गिलोटिनमधून वगळावी, समितीचा अहवाल समोर ठेवून तिच्यावर एक पूर्ण दिवस चर्चा व्हावी आणि समितीचा कार्यकाळ लोकसभेइतकाच असावा. कोणत्या मागणीला किती वेळ द्यायचा, हे ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीत विरोधी पक्षांचेही नेते असतात. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हा एक दिवस त्यांनी आधी मागून घ्यावा, आणि मिळाला तर त्या दिवशी गोंधळ न घालता बोलावे.

आपला,
एक नियमित वाचक