पाच हजार वॅट निघतात तरी कुठून?

संपादक साहेब, नमस्कार.

मी लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात बिछायत केंद्र चालवतो, मंडप, गाद्या, खुर्च्या, साऊंड, लायटिंग सगळं, आणि तुमचा पेपर रोज वाचतो म्हणून पहिली तक्रार तुमचीच. सण आला का पानभर जाहिराती, 5000 वॅट साऊंड, फोर के प्रोजेक्टर, आणि गावातले पोट्टे तेच वाचून वर्गणी जमा करतात.

गणपतीत आमच्या पोट्ट्यांनी असाच एक साऊंडचा डब्बा आणला. पहिल्याच आरतीला आवाज फाटला म्हणून मला बोलावलं. मी बॅटरी लावून मागचा स्टिकर वाचला तर बारीक अक्षरात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 60 वॅट. आता मले सांगा, जो डब्बा लाईनीतून 60 वॅट ओढते तो 5000 बाहेर काढते कुठून? घरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटातून सगळं मिळून 1380 वॅटच निघते बाप्पा! डब्ब्यावर 5000 च्या पुढं बारीक अक्षरात पीएमपीओ लिहून होतं, म्हणजे क्षणभराच्या झटक्याचा कागदी आकडा, त्याला धड नियम नाही, ज्याला वाटलं तो तेवढा छापते. खरा पाह्यचा तो आरएमएस, जेवढा आवाज सतत चालते तेवढा.

अन् वॅट डबल केले म्हणजे आवाज डबल असंही नाही, फक्त 3 डेसिबल वाढते, कानाला जरासा फरक. डब्बा एका वॅटात किती डेसिबल देते हे कोणी विचारतच नाही. जुना पोंगा, म्हणजे लाऊडस्पीकरचा भोंगा, एका वॅटात एक मीटरवर 105 च्या वर देते, म्हणून 30 वॅटचा पोंगा शेजारच्या गावात ऐकू जाते अन् हा डब्बा मंडपाबाहेर नाही.

प्रोजेक्टरचं तसंच. बॉक्सवर 'फोर के सपोर्ट', म्हणजे फोर केचा सिग्नल तो घेते, दाखवते मात्र आपल्या पॅनेलएवढंच, म्हणजे आत चित्र बनवणाऱ्या काचेवर जेवढे ठिपके तेवढंच, आमच्याचं पॅनेल 1280 बाय 720 निघालं. 9 लाखांच्या आसपास पिक्सेल, खऱ्या फोर केत 83 लाखांच्या जवळ असतात. नेटिव्ह रिझोल्युशन (पॅनेलचे स्वतःचे पिक्सेल) किती अन् एन्सी लुमेन (ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड) किती, एवढं दोन विचारलं असतं तर पैसे वाचले असते. नुसते लुमेन लिहिले असले तर भरोसा नका ठेवू.

लाईटाची गंमत वेगळीच, आमच्याकडे एलईडीच्या फोकसलाही लोक अजून हॅलोजनच म्हणतात, अन् वॅट जास्त तो उजेड जास्त असं धरून चालतात. 9 वॅटचा एलईडी जुन्या 60 च्या बल्बाएवढा उजेड देते, म्हणून आता लुमेन पाहा.

मागच्या मंडईच्या (आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी भरते ती जत्रा) नाटकात तर फोटोवाल्याच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकून राह्यले, तो म्हणे तुझा लाईट खराब, मी म्हणे तुझा कॅमेरा खराब, अर्धा तास भांडण, तिकडं नट रंग लावून बसलेले. चूक दोघांचीही नव्हती. आपल्याकडची लाईन 50 हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मिणमिणते, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसते. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं का पट्टे गेले. मोबाईलातही अँटी फ्लिकर 50 हर्ट्झची सेटिंग बऱ्याच फोनात असते, 60 वर असली तर बदला. (सगळ्याच लाईटांना हा इलाज लागू पडत नाही, काहींचं मिणमिणणं वेगळ्याच वेगाचं असते.)

तर साहेब, दिवाळीनंतर पुन्हा मंडईचा सिझन आहे, गावोगावी रातभर नाटकं, तेव्हा जाहिरात घेताना दुकानदाराला एवढं म्हणा, की साऊंडच्या खाली आरएमएस अन् प्रोजेक्टरच्या खाली नेटिव्ह रिझोल्युशन मोठ्या अक्षरात टाका. किमतीएवढ्या मोठ्या नाही तर निदान फोन नंबराएवढ्या तरी.

— एक बिछायत केंद्रवाला, ता. लाखांदूर, जि. भंडारा