डर्सलीचं इंजिन

प्रिय अनिल,
सप्रेम नमस्कार.

मामांच्या विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन भंगारात द्यावं का, असं तू विचारलंस आणि मला लिहायला निमित्तच मिळालं. त्या ठेवणीचं मूळ इंजिन इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या डर्सली या लहानशा गावातलं. रॉबर्ट अ‍ॅश्टन लिस्टर यांनी 1867 साली तिथे कारखाना काढला, तो शेतीच्या अवजारांसाठी. पुढे मिकाएल पेडरसन या डॅनिश माणसाचं दुधातली साय वेगळी काढणारं यंत्र त्यांनी बनवलं आणि ते दूरदूर खपलं. 1909 पासून पेट्रोल इंजिनं निघू लागली.

पण माझा जीव जडलाय तो 1930च्या सुमारास आलेल्या त्यांच्या सीएस या डिझेल इंजिनावर. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. त्या काळातली कित्येक ऑइल इंजिनं ब्लो लॅम्पच्या ज्योतीनं हेड, म्हणजे सिलिंडरचा माथा, तापवल्याशिवाय सुरूच होत नसत. हे मात्र थंडगार असतानाही नुसत्या हँडलवर सुरू व्हायचं. हेडच्या बाजूला एक छोटं चाक असतं बघ. ते आवळलं की आतल्या पोकळीचा एक भाग बंद होतो, कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, वाढतं आणि डिझेल पेट घेतं. मग व्हॉल्व्ह उचलून धरायचा, हँडल मारायचं, दोन्ही अवजड फ्लायव्हील नीट फिरायला लागली की व्हॉल्व्ह सोडायचा. धक्... धक्... झालं सुरू! गरम होऊन पुरता लोड आला की चाक परत सैल करायचं.

सहा हॉर्सपॉवर, एकच सिलिंडर, मिनिटाला जेमतेम 650 फेरे. हा संथपणाच मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. घासणं कमी, तापणं कमी, आणि जे बिघडेल ते डोळ्यांना दिसतं. गावातला मिस्त्री पान्यांवर ते खोलू शकतो. शेतकऱ्याला दुसऱ्या कुणावर अवलंबून राहू न देणारं यंत्र, याहून मोठी इंजिनिअरिंग मी तरी मानत नाही.

कंपनीचं मात्र पुढे तसं राहिलं नाही. 1965मध्ये ती हॉकर सिडली या ब्रिटिश उद्योगसमूहाकडे गेली, 1986मध्ये पेटर या दुसऱ्या इंजिन कंपनीशी जोडली गेली, आणि 1987मध्ये इंग्लंडात सीएस बनणं थांबलं. कारखान्याच्या बऱ्याचशा जागेवर आता लिटलकोम्ब नावाची वसाहत उभी आहे. याचं मला फार वाईट वाटतं. पण राजकोटच्या कारखानदारांनी त्याच नमुन्यावर इंजिनं बनवणं चालू ठेवलं, आणि ती परदेशातही गेली.

तेव्हा मामांना सांग, भंगारवाल्याला एवढ्यात हो म्हणू नका. नेमप्लेटवरचं तेल पुसून नीट वाच आणि डर्सली आहे की राजकोट, ते लगेच कळव. त्या बाजूच्या चाकाचा फोटोही पाठव.

तुझाच,
विनय