सिबिल का पडले, ते अहवालात लिहिलेले असते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘एकही हप्ता चुकला नाही, तरी सिबिल पन्नास-साठने पडले कसे?’ हा प्रश्न खरिपाच्या तोंडावर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या बँक शाखांत ऐकू येतो. ट्रॅक्टरची किंवा घराची फाइल अडते आणि ‘स्कोअर बसत नाही’ एवढेच उत्तर मिळते. आपल्या कर्जफेडीवरून दिलेला ३०० ते ९०० मधला तो आकडा कितीही न्याहाळला तरी कारण सापडत नाही. ते आपल्या सगळ्या कर्जांच्या नोंदी असलेल्या पूर्ण अहवालात असते, आणि अहवाल मागणारे फार थोडे.

सिबिल ही असे अहवाल आणि स्कोअर देणाऱ्या चार कंपन्यांपैकी एक. एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या बाकीच्या तिघी. चौघींचे गणित वेगळे. मागच्या महिन्यात मोबाइलवर एकीचा स्कोअर पाहिला आणि या महिन्यात बँकेने दुसरीचा सांगितला, तर ती घसरण नव्हेच. चौघींकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो; दर तीन महिन्यांनी एकीचा काढावा. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

हप्ते वेळेवर असूनही झालेली घसरण पुष्कळदा क्रेडिट कार्डाच्या बाकीतून येते. समजा मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि लग्नसराईत ४२,००० चे दागिने कार्डावर घेतले. मुदतीत पै न पै भरली. तरी बँक बहुधा बिल तयार झाले त्या दिवसाची बाकी कळवते, म्हणजे अहवालात ८४ टक्के वापर दिसतो. तो ३० टक्क्यांच्या आत असलेला बरा. म्हणून बिलाच्या तारखेआधी तीन-चार दिवस मोठी रक्कम भरून टाकावी. ही घसरण पुढच्या एक-दोन नोंदींत बहुतेक भरून निघते. घाबरून जुने कार्ड बंद केले तर एकूण मर्यादा घटते आणि वापराचे प्रमाण उलट वाढते. मात्र न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी थकलेली नाही ना, हे जरूर पाहावे. काहीशे रुपयांची ती बाकीही थकबाकी म्हणूनच नोंदली जाते.

दुचाकीच्या शोरूममध्ये कागद दिले की एजंट तीन-चार फायनान्स कंपन्यांकडे एकदम अर्ज टाकतो. अहवालाच्या ‘एन्क्वायरी’ (चौकशी) या भागात प्रत्येकीचे नाव आणि तारीख दिसते, आणि अशा अनेक नोंदी एकदम पडल्या की स्कोअर घसरतो. ‘एकाच कंपनीकडे अर्ज करा’ असे आधीच बजावावे.

जामीनकीचा विसर तर फार महाग पडतो. भाऊबंदाच्या कर्जावर केलेली सही आपल्याही अहवालात खाते म्हणून दिसते. तो थकला की झळ आपल्यालाही लागते. पीककर्ज नवे-जुने केल्यावर जुने खाते उघडेच राहिले असेल, तर एकच कर्ज दोनदा दिसते.

प्रत्येक खात्याखाली महिनावार रकाने असतात. ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर, ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. ‘०००’ सोडून दुसरा आकडा दिसला तर त्या महिन्याचे पासबुक काढा. पाच तारखेला खात्यात पैसे नव्हते आणि हप्ता परत गेला, असे पुष्कळदा निघते.

नोंद चुकीची असेल तर बँकेला आणि अहवाल देणाऱ्या कंपनीला खाते क्रमांकासह लेखी तक्रार द्यावी. पावती किंवा नाहरकत दाखला जोडावा. बँकेच्या दुजोऱ्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आपण न घेतलेले कर्ज दिसले तर पॅनचा गैरवापर समजून सायबर पोलिसांकडेही नोंद करावी.

‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही, आणि खोटी पुसायला पैसे लागत नाहीत.

शाखांनाही विनंती आहे. कर्ज नाकारताना कोणत्या खात्याची कोणती नोंद आडवी आली, एवढे एका ओळीत लिहून द्या. चोपड्याहून किंवा शहाद्याहून आलेल्या माणसाची दुसरी फेरी तरी वाचेल.

आपला,
निवृत्त बँक कर्मचारी (कर्ज विभाग), अमळनेर, जि. जळगाव