डिचोलीच्या मेस्तमामांना उघडे आभार पत्र

मेस्तमामा (मेस्त म्हणजे सुतार), सादर नमस्कार.

घरच्या मशीनांना लाकूड घासायची जोडणी कशी करावी हे तुम्ही दाखवून दिलेत, त्याचे आभार चारचौघांत मानतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी तरी पडेल.

पहिले आभार, ग्राइंडर लाकडापासून दूर ठेवायला लावलात म्हणून. वेल्क्रोची रबरी चकती स्वस्त मिळते आणि ४ इंची ग्राइंडरला बसतेही. पण तो मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, म्हणजे १०० मिमी चकतीची कड सेकंदाला ५७ मीटर धावते. सागवान करपतो, त्यातले तेल घासायच्या पेपरात गच्च भरते, हात जरा कलला की चंद्रकोरीसारखा खड्डा. १२५ मिमीची चकती १,४०० फेऱ्यांच्या ड्रिलवर लावली तर कड जेमतेम ९ मीटरने फिरते. काम हळू होते खरे, पण बिघडत नाही.

खरा उपकार मात्र त्या चक्क्याचा, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या, पेपर चिकटवलेल्या उभ्या चकतीचा. अर्धा एचपीची, १,४४० फेऱ्यांची मोटर. बंद बॉडीचीच हवी, नाहीतर भुसा आत जातो. शाफ्टच्या मापाची फ्लँज (चकती बसवायची धातूची बैठक) लेथवर करून घ्यायची, तिच्यावर १८ मिमी मरीन प्लायची ८ इंची चकती स्क्रूने बसवायची आणि मोटर चालू ठेवून तोंड पटाशीने सरळ करून घ्यायचे. ही शेवटची पायरी गाळली की चक्का लंगडतो आणि फळीच्या कडेवर लाटा उठतात. पेपर चिकटवायला पांढरा गोंद नको, त्यातल्या पाण्याने पेपर फुगतो. कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लावून पंधरा मिनिटे सुकवायचा, मग दाबायचा. बदलताना केस वाळवायच्या मशीनने गरम केले की सोलून निघतो.

चक्क्यासमोरचे लाकूड टेकवायचे टेबल आणि चक्का यांत २ मिमीपेक्षा जास्त फट नको, आणि काटकोन गुण्यानेच (सुताराच्या काटकोनी मापानेच) बघावा. टेबलावरच्या खुणांवर आमचा तरी विश्वास नाही. लाकूड नेहमी चक्क्याची जी बाजू खाली जाते तिथेच टेकवायचे. वर जाणाऱ्या बाजूला टेकवले की ते उचलून तोंडावर येते. हातमोजे तर नकोतच.

चक्का आडव्या टोकांसाठी आणि कोनांसाठी. सपाट तोंडावर तो गोल चरे पाडतो आणि पॉलिश चढले की ते उठून दिसतात. तिथे ऑर्बिटल सँडर (चकती थरथरत फिरवणारे हातातले मशीन): ८०, १२०, १८० नंबरचे पेपर या क्रमाने, मधला टप्पा न गाळता. तुमची शिसपेन्सिलीची युक्ती सगळ्यांना सांगतो. दर टप्प्याआधी फळीवर आडव्या रेघा मारायच्या, सगळ्या पुसल्या की पुढचा पेपर. सँडर दाबायचा नाही, दाबला की चकती फिरायची थांबते.

पाटाच्या किंवा चौरंगाच्या पायांच्या आतल्या वळणाला पेपर चढवलेला रबरी ड्रम. तो ड्रिल स्टँडच्या मशीनला लावताना एक धोका असतो: चक (ड्रिलचे टोक पकडणारा जबडा) बहुधा निमुळत्या दांड्यावर नुसता ठोकून बसवलेला असतो, बाजूने जोर पडला की फिरता फिरता गळून पडतो. म्हणून हलका हात, आणि लाकूड फिरण्याच्या उलट दिशेने सरकवायचे.

आपल्या पावसात कागदी चकत्या वळतात आणि पट्ट्यांचे जोड सुटतात. कापडी पाठीचे घेऊन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, हा तुमचा सल्ला जून ते सप्टेंबर फार कामी येतो. चवथीच्या मखराची घाई नेमकी तेव्हाच असते! भरलेला पेपर फेकू नका, फिरत्या चकतीवर जुन्या चपलेचा क्रेप तळवा धरा, हेही तुमचेच. चक्क्याचा आवाज बदलला की पेपर संपला, हे ओळखायला मात्र अजून तुमच्यासारखा कान लागतो.

आणि हो, त्याच टेबलावर लोखंड घासू नका ही ताकीदही पाळतो. ठिणगी भुशात पडली की तासाभराने धूर निघतो. लाकडाच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो, म्हणून एन-९५ मास्क आहेच. तेवढा तुम्हीही लावा, मामा.

तुमचे,
घरच्या सोप्यात सुतारकाम करणारे आम्ही