कात्री शेवटावर नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कल्पनारम्य कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘पुस्तक ते पुस्तक, सिनेमा तो सिनेमा’ असे म्हणून लेखाने विषय मिटवला, ते पटले नाही. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा हिशेब असतो. सहा-सातशे पानांची कादंबरी सव्वादोन तासांत बसवायची तर गाळागाळ आलीच. त्याबद्दल तक्रार नाही. पण लेखकाने आधी मांडून ठेवलेले जे शेवटी फेडायचे असते, नेमके तेच कापले जाते.

हॅरी पॉटरचेच घ्या. सातव्या पुस्तकात हॅरीची स्वतःची जादूची छडी मोडते. छड्या बनवणारा ऑलिव्हँडरसुद्धा तिच्यापुढे हात टेकतो. तरी हॅरी ते तुकडे गळ्यातल्या बटव्यात जपून ठेवतो. शेवटी जगातली सर्वांत बलाढ्य छडी हाती येते तेव्हा तो तिच्याकडून एवढेच काम करून घेतो, आपली जुनी छडी सांधून घेतो. आणि ती बलाढ्य छडी दिवंगत मुख्याध्यापक डम्बलडोरच्या थडग्यात परत ठेवायचे ठरवतो. २०११ च्या चित्रपटात तो ती मोडून दरीत भिरकावतो. जुनी छडी मोडल्याचे आधीच्या भागात दाखवले आहे, पण ती पुढे कधी सांधली जातच नाही. मग ते मोडणे दाखवलेच कशाला? अर्ध्या मिनिटाचे दृश्य पुरले असते.

हॅरीचा वैरी, दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट याचा शेवट तर याहून बिघडला आहे. मरणाला भिऊन ज्याने आत्म्याचे तुकडे करून ठिकठिकाणी लपवले, तो पुस्तकात भरल्या दालनात, सगळ्यांच्या देखत, साध्या माणसासारखा कोसळतो आणि मागे चारचौघांसारखे प्रेत उरते. त्याचा खरा पराभव तो. चित्रपटात ओस पडलेल्या चौकात त्याच्या देहाच्या चिंध्या होऊन हवेत विरतात, पाहायला हॅरीखेरीज कुणीच नाही. चारचौघांसारखे मरण नको म्हणून ज्याने एवढे पाप केले, त्याला ते टाळून दिले!

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा चित्रपट ‘द रिटर्न ऑफ द किंग’ला (२००३) ११ ऑस्कर मिळाले, तरी शेवट लांबला अशी कुरकुर अजून ऐकू येते. माझ्या मते लांबलेपण खटकते ते मधला टप्पा गळाल्यामुळे. पुस्तकात चौघे हॉबिट, म्हणजे गोष्टीतले बुटके नायक, घरी परततात तेव्हा त्यांचा मुलूख शायर दुष्ट जादूगार सारुमानच्या गुंडांच्या ताब्यात गेलेला असतो. झाडे तोडलेली, खाणावळी बंद, धान्य गोळा करून नेलेले, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी. कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी रोज पाहणाऱ्या आपल्या वाचकाला हे प्रकरण परके वाटणार नाही. त्यांचा वाटाड्या जादूगार गँडाल्फ मुद्दामच सोबत येत नाही. आता तुमचे तुम्ही निस्तरा, त्यासाठीच तुम्ही तयार झालात, असे सांगून वाटेतून वळतो. मग चौघांपैकी मेरी आणि पिपिन गावकऱ्यांना उठवतात. बायवॉटरच्या लढाईत १९ हॉबिट मरतात. हा भाग कथानकाचा अत्यावश्यक अंश आहे आणि तो सुरुवातीपासूनच मनात होता, असे मूळ लेखक टॉल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. चित्रपटात शायर होते तसेच हिरवेगार, आणि चौघे खाणावळीत पेले घेऊन बसतात. एवढ्या प्रवासात ते काय शिकले, हे दाखवायची जागाच गेली.

‘द गोल्डन कंपास’मध्ये (२००७) मूळ पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणे पुढच्या भागासाठी राखून ठेवली. पुढचा भाग आलाच नाही. ज्या मित्राला, रॉजरला, सोडवायला नायिका लायरा उत्तरेपर्यंत जाते, त्याचा जीव तिचा बापच घेतो. या घावाशिवाय त्या गोष्टीला अर्थ नाही. प्रेक्षक मात्र सगळे ठीक होईल या आश्वासनावर घरी गेला.

बदल केला की शेवट बिघडतोच, असेही नाही. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) नारायण धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतली, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतले आणि बाकी जवळजवळ सारे नवे रचले. तरी बापाने पुढे केलेले सोने मुलगा नाकारतो, ते सोन्यासाठी मारलेल्या आधीच्या प्रत्येक फेरीतून आलेले असते.

आपल्या परीक्षणांत अशा चित्रपटाखाली दोन-तीन ओळी द्याव्यात, ही विनंती: पुस्तकाचा किती भाग घेतला, शेवट बदलला का, काही पुढच्या भागावर ढकलले का. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांवर तापलेले असते, मुले दुपारभर घरात हेच चित्रपट पाहतात आणि मग वाचनालयात पुस्तक मागतात. ‘गोल्डन कंपास’ पाहिलेल्या मुलाला शेवटची तीन प्रकरणे उघडून द्यावीत. ‘रिंग्ज’ पाहिलेल्याला तिसऱ्या खंडातले, परिशिष्टांच्या आधीचे, शेवटून दुसरे, शायरचे ते प्रकरण.

आपला,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर